हेतुवेधातली दुरुस्ती

नांदखेड पोलीस ठाण्यात आता तक्रार लिहून घेत नसत. तक्रारदार बोलायचा आणि टेबलावरचं चपटं काळं यंत्र ऐकायचं. त्याचं नाव हेतुवेध. काय घडलं ते टिपून यंत्र थांबत नसे. का घडलं असावं, याचा अंदाजही राज्यभरातल्या तक्रारींशी ताडून पडद्यावर दाखवत असे. गुन्ह्यामागे जातीचा किंवा धर्माचा द्वेष दिसला की पडदा लाल व्हायचा. मग प्रकरण थेट जिल्ह्याच्या विशेष पथकाकडे जायचं आणि तक्रारदाराला संरक्षण मिळायचं.

केवळाबाई काळे बोलू लागली आणि पडदा लगेचच लाल झाला.

"दोन्ही मशिनी फोडल्या," ती सांगत होती. पारध्यांच्या वस्तीवरची ही बाई बाजारपेठेत शिलाईचं दुकान चालवायची. "गिऱ्हाइकांची कापडं गटारात फेकली. म्हणले, चोरट्यांच्या जातीला पेठेत जागा न्हाई. परत शटर उघडलंस तर तुझ्यासकट पेटवू."

उपनिरीक्षक वृषाली माने समोर बसून ऐकत होत्या. त्यांना वाईट वाटलं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं. पण यात्रा तोंडावर आली होती. विशेष पथक आलं की पेठ बंद होणार, मोर्चे निघणार, वरून फोन सुरू होणार. फोडणारे शेजारचेच दुकानदार होते. दम दिला की वठणीवर येतील.

"बाई, तुम्हाला त्याच पेठेत धंदा करायचाय ना?" त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "मी त्यांना बोलावून समज देते. मशिनी भरून द्यायला लावते."

केवळाबाईने लाल पडद्याकडे बोट दाखवलं. "मंग ह्ये काय म्हणतंय?"

"ते यंत्र आहे. त्याला आपल्या गावातलं काय कळणार?"

वृषालीताईंनी पडद्यावरच्या 'दुरुस्ती' बटणावर अंगठा टेकवला आणि कारण निवडलं: शेजाऱ्यांतील वाद. पडदा पांढरा झाला. अधिकाऱ्यांच्या दुरुस्त्यांमधून हेतुवेध शिकत जातं, हे प्रशिक्षणात त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं गेलं होतं. त्या क्षणी मात्र ते त्यांच्या मनातही आलं नाही.

यात्रा शांततेत पार पडली. दुकानदारांनी ठाण्यात येऊन माना डोलावल्या. मशिनी काही दिल्या नाहीत. केवळाबाईचं शटर पुन्हा उघडलं नाही. पेठेतून जाताना वृषालीताई गाडीच्या दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

पावसाळा सरता सरता फळवाला अझीम बागवान ठाण्यात आला. दोन्ही हात भाजलेले होते. भर दुपारी काहीजणांनी त्याचा टेम्पो पेटवला होता, तेव्हा तो आतच झोपला होता.

"तुझ्या धर्माचा माणूस या गल्लीत दिसायला नको, असं ओरडत होते, मॅडम. नावं सांगतो मी."

वृषालीताई पडदा लाल होण्याची वाट पाहत राहिल्या. पडदा पांढराच राहिला. त्यावर ओळ उमटली: शेजाऱ्यांतील वाद. समज देऊन मिटवावा.

त्यांनी अंदाजाचा आधार उघडून पाहिला. सगळ्यात वर त्यांचीच दुरुस्ती होती.

त्यांनी स्वतः द्वेषगुन्ह्याची नोंद केली, प्रकरण विशेष पथकाकडे धाडलं आणि अझीमला गाडीतून दवाखान्यात पाठवलं. मग जिल्ह्याच्या तंत्रज्ञाला फोन लावला.

"माझी एक दुरुस्ती मागे घ्यायची आहे."

"घेता येईल, मॅडम. पण त्यातून यंत्र जे शिकलं ते असं उपटून काढता येत नाही. आणि तुमची एकटीची थोडीच आहे? कितीतरी ठाण्यांनी अशाच केल्यात."

क्षणभर त्यांना हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

"मग असं उत्तर ऐकून किती लोक ठाण्यातून परत गेले असतील?"

"ते कसं कळणार? तक्रारच उभी राहिली नाही त्यांची."

दुसऱ्या दिवशी त्या साध्या कपड्यांत वस्तीवर गेल्या. केवळाबाई बाभळीच्या सावलीत हाताने गोधडी शिवत होती. तिने 'बसा' म्हटलं नाही.

"तुमचा जबाब पुन्हा नोंदवायचाय," वृषालीताई उभ्यानेच म्हणाल्या. "या वेळी मी काही बदलणार नाही. चूक माझी होती."

"माझा जबाब तर मी दिलाय की," केवळाबाई सुई थांबवत म्हणाली. "खरं तेच सांगितलं व्हतं. आता तुमचा कोण घेणार?"

परतीच्या वाटेवर वृषालीताईंनी विशेष पथकाच्या प्रमुखांना फोन केला आणि स्वतःविरुद्ध कर्तव्यातल्या कसुरीची तक्रार द्यायची आहे, असं सांगितलं. प्रमुखांनी जबाबाची तारीख दिली; ती त्यांनी केवळाबाईलाही कळवली.

जबाबाच्या दिवशी केवळाबाई जिल्ह्याला आली. ऐकायला, एवढंच म्हणाली. वृषालीताई तिथल्या हेतुवेधसमोर बसल्या आणि बोलू लागल्या: यात्रा, बंदोबस्त, गावातली शांतता, बाईंचंच भलं व्हावं म्हणून. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटत होता.

"म्याडम," केवळाबाईने मधेच विचारलं, "त्या दिवशी माझ्या जागी तुमच्या घरातली बाई असती, तर मिटवलं असतं तुमी?"

हेतुवेध ऐकत होतं. उत्तर 'नाही' होतं, हे वृषालीताईंना ठाऊक होतं; ते त्यांनी मोठ्याने उच्चारलं, तर यंत्र त्यातून काय शिकणार होतं?