स्वस्तातला सिंथ

“आपा, सुनको देखो. एकदम नया जैसा होगया,” असं म्हणत हैदराबादेतल्या कोठीच्या चिंचोळ्या गल्लीतल्या दुकानदाराने दुरुस्त केलेला हेडफोन त्रिवेणीपुढे सरकवला, आणि नेमकी तेव्हाच तिच्या फोनची बॅटरी संपली. आता ऐकणार कशावर?

“माझ्या फोनवर लावून बघा ना…” शेजारून मराठीत आवाज आला.

ती दचकली. दचकणं हा त्रिवेणीचा जन्मजात गुण. लिफ्टला ती घाबरायची, पालीला घाबरायची, अनोळखी नंबरवरून फोन आला की पलंगाखाली तेवढी शिरायची नाही. शेजारी एक उंच मुलगा उभा होता. खांद्यावर काळ्या वायरीचं भेंडोळं, आणि डोळ्यांत मिश्कील हसू.

“मी मराठी आहे हे… तुम्हाला कसं कळलं?”

“आत्ता फोनवर आईला सांगत होतात ना, बेगम बाजारात बाबांचा डबा पोचवला म्हणून! अख्ख्या गल्लीला कळलं.”

ती लाजली. हेडफोन कानांवर चढवला. त्याने स्क्रीनवर बोट टेकवलं… आणि चौथ्या सेकंदाला त्रिवेणीने ते ओळखलं.

ते संगीत तिला पाठ होतं. तीनच दिवसांपूर्वी तिने त्याची पिसं काढली होती.

झालं होतं असं. दिवसा अमीरपेठेतल्या विमा कंपनीत कागद तपासणारी ही भित्री मुलगी, उरलेल्या वेळात एका गेमिंगच्या इंग्रजी संकेतस्थळावर व्हिडिओ गेमच्या संगीताची समीक्षा लिहायची. जामबागच्या शाळेत पेटी शिकलेली, कान तयार. नाव मात्र खरं नाही. ‘कानोसा’ या नावाआडून. आणि नावाआड गेलं की ही शेळी वाघीण व्हायची. ‘सातवी वेस’ नावाचा नवा गेम येऊ घातला होता, हैदराबादच्याच एका छोट्या स्टुडिओचा. आपणच त्यातलं एक पात्र व्हायचं, ढाल-तलवार घेऊन सात वेशींच्या नगरात हिंडायचं, लढायचं, मोठं व्हायचं. त्याची चाचणी आवृत्ती आणि संगीत आधी बाहेर आलं होतं. त्यावर कानोसाने लिहिलं होतं : ‘युद्धाच्या प्रसंगांत ऐंशी वादकांच्या ऑर्केस्ट्राचा श्वास ऐकू येतो. पण दमलेला योद्धा जिथे विसाव्याला येतो, तिथे अकरा मिनिटं हा कुठला स्वस्तातला सिंथ? जत्रेतल्या प्लास्टिकच्या खेळण्यातून निघावा तसा यंत्राचा सूर! संगीतकाराचे पैसे संपले की कान?’

आणि आत्ता तिच्या कानात वाजत होती तीच अकरा मिनिटं.

“कसं वाटलं?” मुलाने विचारलं. तो हेडफोनबद्दल विचारत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. “मी केलंय ते. म्हणजे… गेमचं सगळं संगीत माझंच आहे. नागसेन माझं नाव.”

खरं सांगायची वेळ हीच होती. पण ते डोळे इतक्या आशेने बघत होते, की त्रिवेणीच्या तोंडून भलतंच निघालं.

“छान आहे.”

“खरंच?” तो असा खुलला, की दुकानदारसुद्धा हसला. “तुम्ही पहिल्याच! त्या कानोसाने तर… ‘पैसे संपले की कान’! पाठ झालंय मला. स्टुडिओत सगळे म्हणतात, कुणी जपानी समीक्षक असेल. मी म्हटलं, अरे, आपल्या मराठीतला शब्द आहे हा. आपलंच माणूस आहे कुणीतरी. म्हणून जास्त लागलं.”

त्रिवेणीने हेडफोन काढला. “मला… मला उशीर होतोय,” ती म्हणाली, आणि अर्ध्या गल्लीतून परत आली, कारण पैसे द्यायचे राहिले होते. ती पैसे देईपर्यंत नागसेनने तिचं नाव आणि ‘पुन्हा ऐकायला याल?’ याचं उत्तर, दोन्ही मिळवलं होतं. ‘हो’ कसं निघालं, हे तिचं तिलाच कळलं नाही.

नागसेन… घरी हे नाव सांगितलं तर आधी आडनाव विचारलं जाईल आणि मग बाबा पेपर वाचत बसतील, हे तिला पक्कं माहीत होतं. ती भीती तिने रांगेत मागे उभी केली. पुढे आधीच बऱ्याच उभ्या होत्या.

दुसऱ्या भेटीत त्याने आणखी एक उभी केली. संध्याकाळची मेट्रो कुकटपल्लीकडे निघाली होती. त्याचं घर तिकडेच. तिचं घर उलट्या बाजूला, पण ही गोष्ट तिने सांगितली नव्हती आणि त्याने विचारली नव्हती.

“तुम्हाला एक गंमत सांगतो,” तो म्हणाला. “तो ऐंशी वादकांचा ऑर्केस्ट्रा आहे ना… तो मी एकट्याने केलाय. लॅपटॉपवर. एकेका व्हायोलिनचा श्वास बसून भरलाय.”

“आणि… ते अकरा मिनिटांचं?” तिने विचारलं.

“ते तेवढं खरं आहे. बुलबुल तरंग. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. माझ्या बाबांनी वाजवलंय. पंपाच्या कारखान्यातून सुटले की रात्रपाळी नसेल तेव्हा गायन पार्टीत वाजवायचे. चौदा एप्रिलला तर चार-चार बस्त्यांमधून बोलावणं! जुन्या अँप्लिफायरमधून त्याचा आवाज जरा… मशीनसारखा येतो.” तो खिडकीबाहेर बघू लागला. “रेकॉर्डिंग झालं आणि दोन महिन्यांनी त्यांना अर्धांगवायू झाला. डावा हात गेला. त्यामुळे आता जे आहे ते एवढंच. अकरा मिनिटं.”

त्रिवेणीला गाडी थांबल्यासारखं वाटलं. गाडी धावतच होती. खऱ्याला तिने खोटं म्हटलं होतं, खोट्यापुढे मान डोलावली होती, आणि हे सगळं दहा हजार लोकांनी वाचलं होतं.

“हे कुणाला माहितीये?” तिने कसंबसं विचारलं.

“स्टुडिओचा मालक हर्षवर्धन, मी… आणि आता तुम्ही. जगाला सांगायचं नाही असं ठरवलंय. आजारी बापाचं नाव सांगून कौतुक मागितलं, असं कुणी म्हणायला नको.”

म्हणजे सुटकेची वाटही बंद! कानोसाने दुरुस्ती छापली, तर त्याला त्याच क्षणी कळणार की कानोसा कोण.

म्हणून ती गप्प राहिली. आणि गप्प राहता राहता प्रेमात पडली. मेट्रोच्या गर्दीत तो तिच्यासाठी हात आडवा धरून जागा करायचा. कुणी हसलं, शिंकलं, की तो सूर ओळखायचा, “हा कोमल गंधार,” म्हणून तिला हसवायचा. “तुमचा कान फार चांगला आहे हो,” तो एकदा म्हणाला, “उसना द्याल?” ती म्हणाली, “परत कधी देणार?” तो म्हणाला, “देणारच नाही…” ती दोन स्टेशनं खाली मान घालून हसत राहिली आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. रोज ठरवायची, आज सांगायचं. रोज त्याचा चेहरा दिसला की शब्द पळून जायचे. याला कळलं तर हा जाईल. बस्स, तिच्या मनात आता ही एकच भीती उरली होती. बाकी सगळ्या हिच्यापुढे पोरकट वाटत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, तो आला तो उतरलेल्या चेहऱ्याने.

“हर्षवर्धन ती अकरा मिनिटं काढायलाय. माणूस वाईट नाही, पण इंटरनेटवर कुणी शिंकलं तरी याला सर्दी होते. कानोसाचं लिहिलेलं सगळीकडे फिरतंय, ‘स्वस्तातला सिंथ’ म्हणून लोक हसायलेत. उद्या संध्याकाळी सहाला गेम पक्का करून पाठवायचा, मग त्यात बदल नाही. तिथे आता ऑर्केस्ट्राच घाल म्हणाला.”

“तुम्ही बाबांबद्दल लोकांना सांगा ना…”

“मी नाही सांगणार.” मग तो म्हणाला, “उद्या दुपारी घरी याल? बाबांना कसं सांगू कळत नाही. तुम्ही असलात तर… मला बरं वाटेल.”

शनिवारी कुकटपल्लीला त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी ती जिन्याने चढली. लिफ्ट चालू होती. प्रत्येक पायरीवर परत फिरावंसं वाटलं.

नागसेनच्या आईने, विमलाबाईंनी, तिच्यापुढे भिजवून परतलेल्या मुरमुऱ्यांच्या सुशीलाची ताटली ठेवली, वर शेंगदाणे, लिंबाची फोड. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्याचे बाबा तातेराव बसले होते, डावा हात मांडीवर निपचित. शेजारी स्टुलावर बुलबुल तरंग होतं, वर स्वच्छ धुतलेला रुमाल घातलेला. नागसेनने अडखळत सगळं सांगितलं. तातेराव ऐकून घेऊन त्रिवेणीकडे वळले.

“बाई, तुझा कान लई चांगला हाय म्हणतो ह्यो. खरं सांग. मशीनवानी वाटतंय का ते? वाटत असंल तर काढू द्या. पोराचं काम माझ्यापायी अडायला नको.”

ते मनापासून विचारत होते, आणि तिने एकदा ‘हो’ म्हटलं असतं तर मुकाट्याने मान्य करणार होते. त्रिवेणीने चमचा ताटलीत ठेवला.

“ते मी लिहिलंय,” ती म्हणाली.

“काय?” नागसेनने विचारलं.

“कानोसा… मीच आहे. जत्रेतलं खेळणं, स्वस्तातला सिंथ… सगळं माझं आहे. मला ओळखताच आलं नाही. आणि तुम्ही सांगितल्यावरही मी बोलले नाही… मला भीती वाटली.”

नागसेन उठला. गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं. ज्या क्षणाला ती तीन आठवडे घाबरत होती, तो हाच होता.

मग तातेरावांचा अर्धा चेहरा हसला. “मशीन वाटलं? म्हणजे एक बी बटन चुकलं नव्हतं माझं! विमल, ऐकलंस का?”

विमलाबाई हसल्या नाहीत. “तीन हप्ते झाले, ह्या घरात कुणी नीट जेवलं नाही, पोरी,” त्या म्हणाल्या. “तुला ठाऊक होतं, तरी गप बसलीस.”

“हो,” त्रिवेणी म्हणाली. घड्याळात सव्वाचार झाले होते. तिने पिशवीतून लॅपटॉप काढला, ताटली बाजूला सारली आणि लिहायला बसली. घाईत आपलं नावच दोनदा चुकलं. तातेरावांचं नाव लिहायच्या आधी ती थांबली.

“काका… तुमचं नाव लिहू?”

“लिही की. आता लाजायचं काय?”

तिने लिहिलं : ‘माझं नाव त्रिवेणी. कानोसा म्हणून मी जे लिहिलं ते सपशेल चूक होतं. ज्याला मी ऐंशी वादक समजले, तो एका माणसाचा लॅपटॉप आहे. ज्याला यंत्र समजले, ते तातेराव नावाच्या कामगाराने वाजवलेलं बुलबुल तरंग आहे. आता त्यांना ते वाजवता येत नाही. मी न विचारता, न शोधता हसले. संगीतकाराचे कान शाबूत आहेत. गेले होते ते माझे.’

पाठवून टाकलं. दहा मिनिटांत खाली टोमण्यांची रांग लागली. ‘आधी कान धुऊन ये’, ‘ही म्हणे समीक्षक’. ती प्रत्येक ओळ वाचत होती, डोळे पुसत होती. केव्हातरी गॅलरीचं दार उघडलं होतं. नागसेन तिच्या खुर्चीमागे उभा राहून वाचत होता, आणि ती मागे वळून बघायला धजत नव्हती.

पाच वाजता त्याचा फोन वाजला. हर्षवर्धन इतक्या मोठ्याने बोलायचा की स्पीकरची गरजच नव्हती. “नागसेन, अरे ते वाचलंस काय? हे आधी लोकांना का नाही सांगू दिलं रे तू! ती अकरा मिनिटं ठेवायलोय. बाबांचं पूर्ण नाव दे, गेमच्या पहिल्याच पडद्यावर टाकतो.”

तातेरावांनी उजव्या हाताने रुमाल काढला आणि एक तार छेडली. एवढंच. विमलाबाईंनी पदराने डोळे टिपले, आणि त्रिवेणीच्या ताटलीत आणखी थोडी सुशीला वाढली.

मेट्रो स्टेशनपर्यंत तो तिच्याबरोबर आला. फलाटावर पोचल्यावर तिने विचारून टाकलं.

“खूप राग आलाय?”

“खूप.”

“किती दिवस राहील?”

“सांगता येत नाही. रोज भेटून बघावं लागेल… उतरलाय का ते.”

तिने चमकून वर पाहिलं. तो हसत नव्हता, पण डोळे बरेच निवळले होते.

“मला वाटलं, तुम्ही आता तोंडही बघणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही मला आवडता, नागसेन. फार. म्हणूनच सांगता येत नव्हतं.”

“मी गॅलरीत का गेलो, माहितीये?” त्याचा आवाज खाली गेला. “राग होताच. पण सांगून झाल्यावर तुम्ही उठाल, चपला घालाल आणि निघून जाल, असं वाटलं. ते बघायची हिंमत नव्हती. तिथे उभं राहून दाराचा आवाज येतोय का, तेवढंच ऐकत होतो.”

“मी जाणार नव्हते.”

“मग आत्ता कुठे निघालात?”

गाडी समोर उभी होती, दारं उघडी. माणसं चढली, उतरली. त्रिवेणी जागची हलली नाही. दारं मिटली आणि गाडी तिला सोडून निघून गेली.

“पुढची सहा मिनिटांनी आहे,” ती म्हणाली, आणि घाबरत घाबरतच तिने त्याचा हात धरला.