अकरा किलोंचं खोटं

आमची जोडी जुळवली ती एका वजनकाट्याने.

गिर्यारोहण शिबिराचा पहिला दिवस. बाहेर भुरभुर पाऊस, आणि पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बाराजण रेनकोट घालूनच रांगेत उभे. शिकवणारे सर एकेकाला काट्यावर उभं करत, आकडा चिकटपट्टीवर लिहीत आणि ती पट्टी त्याच्या हेल्मेटवर चिकटवत. एका दोरावर सारख्या वजनाची दोन माणसं, हा त्यांचा नियम. वरचा घसरला तर खालच्याने त्याला तोलून धरायचं. खालचा हलका निघाला तर तोच हवेत उचलला जाणार.

"पासष्ट," सर म्हणाले आणि पट्टी माझ्या डोक्यावर दाबली.

"अरे वा, मीपण पासष्ट!" मागून आवाज आला.

वळून पाहिलं. उंच, कान उघडे पडतील इतके आखूड केस, एका भुवईला छेदून गेलेली जुन्या जखमेची बारीक रेघ. ती हेल्मेट मांडीवर ठोकत हसत होती, जणू वजन सारखं निघणं ही तिचीच कामगिरी.

"मी लोकांच्या दहाव्या मजल्यावरच्या खिडक्या बाहेरून पुसते," ती म्हणाली. "तुम्ही?"

"औषधांच्या दुकानात असते. घटस्फोटित आहे. चार वर्षांची मुलगी आहे."

हे मी सगळ्यांना आधीच सांगून टाकते. ज्याला पळायचं असेल त्याला लवकर पळता येतं.

ती पळाली नाही. "मुलगी कुठे ठेवलीत?"

"आईकडे."

"आणि मन?"

"तेही तिकडेच."

"बरं... मग निदान हात तरी इकडे असू द्या. दोर त्यांनीच धरायचाय."

दुपारपर्यंत अहो-जाहो गळून पडलं. मी सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या तपासत फिरते हे पाहून शिबिराने माझं नाव काळजीकाकू ठेवलं. तिने ते आणखी छाटून नुसतं 'काकू' केलं.

"काकू काय गं? दोन वर्षांनी लहान आहे मी तुझ्यापेक्षा."

"मग तू मला ताई म्हण."

"मी तुला खिडकी म्हणणार."

"म्हण की. बघत राहा म्हणजे झालं."

मी पटकन दोराकडे बघायला लागले. कान गरम झाले होते... आणि हवा तर चांगली थंड होती.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या कड्यावर तिचा पाय घसरला. दोर ताणला गेला आणि काय झालं ते कळायच्या आत मी जमिनीपासून पुरुषभर वर लटकत होते. ती वरून खाली आलेली, मी खालून वर गेलेली, आणि मधोमध आम्ही समोरासमोर. तिच्या पापणीवर पावसाचा एक थेंब अडकला होता.

"काय काकू, भेटायला आलीस?" तिने विचारलं.

मी हसले. पण डोक्यात भुंगा शिरला. वजन सारखं, तर मी उचलली गेले कशी?

उत्तर तंबूत मिळालं, सरावापुरती काढून ठेवलेली पाठपिशवी उचलताना. पाणी, थर्मास, औषधांचा डबा, टॉर्च, दोन जोड कपडे — अकरा किलो. चार वर्षं पाठीवर नाहीतर कडेवर सतत काहीतरी असतंच. त्या सवयीने पहिल्या दिवशी रेनकोटच्या आत ही पिशवी तशीच राहिली होती, आणि मी तिच्यासकट काट्यावर चढले होते.

म्हणजे मी चोपन्न. सरांकडे लगेच जायला हवं होतं. दुकानात प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचणारी मी... पण गेले नाही. सांगितलं असतं तर जोडी मोडली असती.

तीन दिवस मी ते खोटं डोक्यावर चिकटवून फिरले. तिच्या डब्यातलं खाल्लं. घरी तिची वाट कोण पाहतं, तेही विचारून घेतलं. "दहाव्या मजल्यावरचं एक मांजर. काचेच्या आतून." दोराची गाठ तपासताना तिची बोटं माझ्या कमरेपाशी जरा जास्तच रेंगाळत, आणि मी मुद्दाम म्हणे, "परत एकदा बघ हं, सैल वाटतेय."

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही नळावर ताटल्या घासत होतो. समोर ढगांतून शिखर डोकं काढत होतं. उद्या तिथे जायचं होतं, आणि त्याच्या आधीचा तो उभा, काळा, ओला कडा चढायचा होता. मी तिच्या मानेकडे पाहिलं, मग कड्याकडे... आणि हातातली ताटली खाली ठेवली.

"मला काहीतरी सांगायचंय. माझं वजन पासष्ट नाहीये."

ती ताटली घासतच राहिली. "माहितीये."

"काय?"

"तू वर उडालीस त्या दिवसापासून रोज तुझ्या कमरेचा पट्टा मागच्या खडकाला बांधते मी. बाकी कुणाला बांधलेलं पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. सगळ्यांच्या नाड्यांवर नजर ठेवणाऱ्या मला ते दिसलंच नव्हतं. त्या तीन दिवसांत मी एकाच माणसाकडे बघत होते ना!

"मग सरांना का नाही बोललीस?"

"तू का नाही बोललीस?"

नळ वाहत होता. दोघींपैकी कुणीच तो बंद केला नाही.

"पण आता बोलायला हवं," मी म्हणाले. "उद्या वर खडक हाताशी असेलच असं नाही. तू घसरलीस आणि माझ्याच्याने धरवलं नाही तर..."

"वेगळं करतील आपल्याला."

"करू देत."

तिने ताटली आपटली. "एकच दिवस उरलाय गं! तोही घालवायचा?"

"म्हणूनच सांगायचंय. मला तू फक्त उद्यापुरती नकोयस."

वाक्य गेलं तोंडातून. परत घ्यायला हात पुढे केला असता तरी उपयोग नव्हता.

 तिने सावकाश नळ बंद केला.

"परत म्हण."

"आधी सरांकडे चल."

सरांनी झाप झाप झापलं. "शिकलेल्या मुली तुम्ही! काय पोरखेळ लावलाय?" पट्टी टरकन ओढून काढली, मला पुन्हा काट्यावर उभं केलं. चोपन्न. मग जोड्या बदलल्या. माझ्या दोरावर निवृत्त मुख्याध्यापिका बाई, आणि तिच्या दोरावर आमच्यातले दातांचे डॉक्टर.

सकाळी धुकं होतं. तिची जोडी पुढे, आमची मागे. कड्याच्या मध्यावर मी अडकले. वर काही दिसेना, खाली बघवेना. घरी एक पोरगी आहे आणि मी इथे काय करतेय...

धुक्यातून खणखणीत आवाज आला, "डॉक्टर, डावीकडे गुडघ्याच्या उंचीवर बोटभर खाच आहे! तिथे पाय ठेवा!"

"अहो, ती खाच मी केव्हाच ओलांडली!" डॉक्टर वैतागून ओरडले.

"तरी ठेवा! आणि मग उजवा हात वर, कपारीत!"

खालून मुख्याध्यापिका बाईंचा शांत, वर्गातला आवाज आला. "बाळ, डॉक्टरांसाठी नाहीये ते. ठेव पाय."

ठेवला. खाच होती. कपारही होती.

ती अख्खा कडा डॉक्टरांना वाचून दाखवत गेली. बिचाऱ्यांनी एकदा हातही जोडले म्हणे. मी एकेका शब्दावर पाय देत वर आले.

माथ्यावर वारा होता. सरांनी दोर सोडायला सांगितले. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हात पाठीमागे, परीक्षा द्यायला आल्यासारखी. तिलाही भीती वाटू शकते हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"आता म्हण," ती हळूच म्हणाली.

"तू मला हवीयेस. आणि मी एकटी नाही, आम्ही दोघी आहोत. आधीच सांगते, मुलगी फार प्रश्न विचारते."

"मला उत्तरं येत नसली तर?"

"मलाही येत नाहीत."

तिने माझे दोन्ही हात धरले. खडकाने सोललेली, गार पडलेली बोटं. मुख्याध्यापिका बाई अगदी मन लावून उलट्या दिशेचा देखावा बघत होत्या.

मग मी घरी फोन लावला. वर रेंज छान होती.

"आई, तू ढगात आहेस?" लेकीने विचारलं. "एकटी?"

"मैत्रीण आहे," हे सवयीने ओठांवर आलं. मी ते तिथेच थांबवलं. "नाही गं. मला खूप आवडणारं माणूस आहे सोबत."

"मग घरी घेऊन ये ना. कधी आणशील?"

फोन स्पीकरवर होता. खिडकी माझ्याकडे बघत होती, श्वास रोखून.

"रविवारी," मी म्हणाले.

"सकाळीच या," लेक म्हणाली आणि फोन आजीकडे देऊन पळाली.