साडेपाचचं लग्न

रूबेन मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी गुडघ्यांवर बसून सडकी सफरचंदं गोळा करत होते, आणि तो झाडाला टेकून मजेत एक चांगलं सफरचंद खात होता. वरून भुरभुर पाऊस. त्याच्या केसांवर थेंब, आणि चेहऱ्यावर कसली म्हणून घाई नाही.

"ओ राजे," मी म्हटलं, "बादली दिसतेय ना? की नुसतं तोंडच चालतं?"

त्यानं मागे वळून पाहिलं. "मी?"

"नाही, झाड."

तो हसला, बाही वर केली आणि खरंच वाकला. "पण ही उचलायची कशाला? पडली की खत होतं."

"रविवारी इथं नव्वद माणसं बसणार आहेत. सडक्या फळावर गांधीलमाश्या येतात. नवरी 'हो' म्हणायला तोंड उघडणार आणि..." माशी तोंडात कशी शिरते ते मी हातानं दाखवलं.

"माझी बहीण तोंड उघडते तेव्हा माश्याच पळतात."

माझ्या हातातलं सफरचंद गळून पडलं. बहीण? म्हणजे हा नवरीचा भाऊ! मला वाटलं होतं, फळं तोडायला आलेला मजूर असेल.

"आता का गप्प?" तो म्हणाला. "राजे म्हण ना. बरं वाटत होतं."

गप्प का, ते त्याला काय सांगणार? ग्लेंडामावशी लग्नासाठी खुर्च्या, तंबू, पांघरुणं भाड्यानं देते. आमच्या हुऑन खोऱ्यातली निम्मी लग्नं तीच उभी करते. मी शाळा सोडली. मग बेकरीतून काढलं, माशांच्या कारखान्यातून काढलं, दोन्हीकडे तोंडामुळेच. मग मावशीनं मला ठेवून घेतलं. मागच्या महिन्यात एका नवरीला मी ओरडून सांगितलं, तुझा तंबू गळणार आहे. तंबू गळलाच, पण रडली ती माझ्यामुळे. एकोणीस वर्षांत मला नीट जमलेलं हे एकच काम, आणि मावशी म्हणाली होती, "मार्नी, रविवारचं पिपचं लग्न पूर्ण तुझं. पण एक जरी तक्रार आली ना, तर दुसरीकडे काम बघायचं."

आणि पहिल्याच दिवशी मी नवरीच्या भावाला कामाला जुंपलं होतं.

रूबेननं तक्रार केली नाही. उलट दुसऱ्या दिवशी तो स्वतःची बादली घेऊन आला.

पानगळीतलं लग्न लांबून सोपं दिसतं. ऊन मऊ, डोंगर शांत, फोटोत सगळं सोनेरी. पण गवत ओलं असतं, त्यात बायकांच्या टाचा रुततात, म्हणून वाटेवर फळ्या टाकाव्या लागतात. दुपारी बाह्या वर करून फिरणारी माणसं संध्याकाळी कुडकुडतात. फुलं आदल्या दिवशी बाहेर लावली तर रात्रीत पॅडमेलन येऊन फस्त करतात... कांगारूचीच ती बुटकी जात, पण पोट मोठ्या भावाचं! मी रूबेनला हे सांगत होते आणि तो मान डोलवत फळ्या टाकत होता.

"तुला हे सगळं कुणी शिकवलं?"

"चुकांनी. बहुतेक लोकांच्या. थोड्या माझ्या."

"माझी एखादी चूक सांग."

"फळी उलटी टाकलीयस."

शुक्रवारी साडेपाचला तालीम झाली. पिपच्या बाबांनी लग्नासाठी बागेतल्या एका रांगेची फळं न तोडता झाडांवरच ठेवली होती. त्या लाल सफरचंदांखालून पिप चालत आली, आणि तिरपं ऊन नेमकं तिच्या चेहऱ्यावर पडलं. तिची आई तर तेव्हाच रडायला लागली. सगळे खूश होऊन आत गेले. मी आणि रूबेन खुर्च्या मांडत मागे राहिलो.

साडेसहाला ऊन डोंगरामागे गेलं. थोड्या वेळानं माझे हात गारठले. खुर्चीच्या पाठीवरचा आकडा नीट दिसेना, म्हणून मी खाली वाकले आणि... वाकलेलीच राहिले.

"काय झालं?" रूबेन जवळ आला. "पाठ धरली का?"

"रविवारी घड्याळं मागं जातात."

"हो ना. एक तास जास्त झोप. पिपनं मुद्दाम तोच रविवार निवडलाय."

"झोपेचं सोड रे! घड्याळ मागं जाईल, सूर्य जाणार आहे का? आज साडेसहाला जे आहे ना, ते परवा साडेपाचला असणार. पिप चालत येईल ती या गारठ्यात. आणि फोटोंच्या वेळी..."

तो डोंगराकडे बघत राहिला. दरवर्षी उन्हाळा संपला की एप्रिलच्या पहिल्या रविवारी सरकारी वेळ बदलते, आणि आम्ही सगळे घड्याळं तासभर मागं घेतो. लहानपणापासून. आणि दरवर्षी फक्त झोपेचा हिशेब करतो.

"जा, सांग तिला," तो म्हणाला.

"तू सांग. मी सांगितलं की भांडण होतं."

"माझ्याशी झालं?"

"तू वेगळा आहेस." बोलून गेले, आणि लगेच खुर्ची सरळ करायला लागले. ती सरळच होती.

सात वाजायला आले होते. मी स्वयंपाकघरात गेले. पिप आईबरोबर हसत होती. तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं आणि एवढंच म्हटलं, "पिप, दोन मिनिटं बाहेर येतेस?" तिला झाडांखाली नेऊन उभं केलं. "तो समोर तुझा भाऊ आहे. तो हसतोय की रडतोय?"

तिनं डोळे बारीक केले. "दिसत नाहीये."

"परवा फोटोंच्या वेळी एवढाच उजेड असेल. घड्याळात सहा वाजलेले असतील."

लाल सफरचंदं काळी दिसत होती.  पिपनं माझा दंड धरला. "नव्वद माणसांना साडेपाच सांगितलंय गं... आता?"

"चारला बोलवू. उद्या सकाळी एकेकाला फोन करू. मी करते."

"आम्ही दोघं करतो," अंधारातून रूबेन म्हणाला.

शनिवारी सकाळी फळं भरायच्या शेडमध्ये दोन पेट्या समोरासमोर ठेवून आम्ही बसलो. मधे यादी, दोन फोन, चहाची किटली. प्रत्येक म्हातारीला घड्याळाचं गणित दोनदा सांगायचं, आणि फोन रूबेनचा असला की तिचा ठरलेला प्रश्न यायचा. त्याचा फोन एवढा मोठ्यानं बोलायचा की मलाही ऐकू यायचं.

"रूबेन, बाळा, तुला कुणी मिळाली की नाही?"

"नाही आत्या. चारला या."

पुढची. "मिळाली का रे पोरगी?"

"शोध चालू आहे. चार वाजता, साडेपाच नाही."

"लोकांना तुझी भारी काळजी," मी म्हटलं.

"तुला नाही?"

"मला गांधीलमाश्यांची आहे."

मग त्याच्या मर्लमावशीचा फोन लागला. वय ब्याऐंशी, आवाज शेडभर. "खरं सांग, आहे का कुणी?"

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "आहे वाटतं मावशी... समोरच बसलीय. पण तिला अजून माहीत नाही, आणि कळलं तर बादली फेकून मारेल."

"मग लांब बस!" मावशी ओरडली.

तो लांब बसला नाही.  मान खाली घालून मी यादीवर बरोबरच्या खुणा करत सुटले... कान इतके गरम झाले होते की त्यांवर चहा उकळला असता.

रविवारी चार वाजता ऊन अगदी वेळेवर आलं. पिप चालत आली, फळीवरून, माशीशिवाय. "हो" म्हणाली. फोटो झाले, आणि सगळे जेवायला शेडमध्ये गेले. मी आणि रूबेन पांघरुणं गोळा करत होतो. तेवढ्यात फाटकाशी एक जुनी गाडी थांबली.

मिस्टर टोली. तेरा वर्षं पिपला शाळेच्या बसमधून नेणारे. करडा सूट, टाय, हातात रिबिन बांधलेली बरणी. त्यांनी घड्याळ पाहिलं. "साडेपाच. वेळेवर आलोय ना? मग सगळे कुठं आहेत?"

मी यादी काढली. टोली... पुढे बरोबरची खूण. माझ्याच पेननं.

 फोन लागला नसेल, तुम्हीच उचलला नसेल, असं काहीही म्हणता आलं असतं. शेडच्या दारात ग्लेंडामावशी उभी होती, ऐकत.

"लग्न चारला झालं, मिस्टर टोली," मी म्हटलं. "तुम्हाला फोन करायचं काम माझं होतं. मी केला नाही, आणि केला म्हणून खूण केली. चूक माझीच आहे."

"अशी कशी विसरलीस?"

खरं सांगायचं तर एकच उत्तर होतं. "तेव्हा हा... हा फोनवर माझ्याबद्दल काहीतरी बोलला. मला पुढचं काही दिसेना. आवडलं मला ते. फार आवडलं."

रूबेनच्या हातातली पांघरुणं ओल्या गवतात पडली. पहिल्यांदाच मी त्याला त्याबद्दल ओरडले नाही.

टोली हसले नाहीत. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले, "तिला चालताना बघायचं होतं मला. रोज पळतच यायची बससाठी."

रूबेन शेडकडे धावला.

पिप बाहेर आली. लग्नाच्या झग्यावर पांघरूण, पायात रबरी बूट. "टोली, बसा पहिल्या रांगेत!" असं म्हणून ती रांगेच्या टोकाला गेली, आणि तिथून पुन्हा चालत आली. हळूहळू, एका माणसासाठी. टोलींनी बरणी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

मावशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तक्रार आली," मी म्हटलं. "काढतेस?"

"तक्रार त्यांनी केली कुठं? तूच केलीस." तिनं नाक ओढलं. "येत्या शनिवारी सिग्नेट गावात लग्न आहे. सातला तयार राहा. यादी मी तपासणार."

ती गेली. रूबेन माझ्या बाजूला आला. जवळ, पण हातभर अंतर ठेवून.

"टोलींना सांगितलंस ते..." तो अडखळला. "ते त्यांना बरं वाटावं म्हणून?"

"त्यांना बरं वाटलेलं दिसलं का तुला?"

"मग?"

उजेड जवळजवळ गेला होता. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि माझा त्याला. बरंच झालं. मी हात पुढे केला आणि चाचपडत त्याचा हात शोधला. तो माझ्या हातापेक्षाही गार होता.