खडीखालचा मोतीराम

डंपरचा हौदा अजून आभाळाकडे तोंड करून उभाच होता.

मिटमिट्याच्या पुढच्या रस्त्याच्या कामाच्या साइटवर मोतीराम मेलेला सापडला, त्या दिवसापासून गाडी तशीच होती. हौदा खाली घ्यायला केबिनमध्ये चढायची कोणाची हिंमत होत नव्हती. कोणीतरी बंपरला लिंबू-मिरची बांधून गेलं होतं. वारा सुटला की वर अडकलेला एखादा खडा घरंगळायचा आणि रिकाम्या लोखंडावर टणटण वाजायचा. दर वेळी शिवराज दचकत होता.

"ह्याच गाडीतून पडले आमचे हे," बानाबाई म्हणाली. "खडीसंगट."

बानाबाईचा नवरा मोतीराम या साइटवर राखणदार होता. खडी वाहणारा ड्रायव्हर मल्हारी त्याचा दोस्त. पोलिसांचा सगळा संशय मल्हारीवर होता आणि त्याला आज-उद्या अटक होणार होती.

"मल्हारी भावजी आमच्या ताटात जेवलेला माणूस," ती तनुजाला म्हणाली. "त्यांनी केलं असंल तर तसं सांगा. नसंल तर ज्यानं केलं त्याला धरा, ताई."

तनुजा खंडागळेनं मान हलवली. शहरात तिची छोटीशी डिटेक्टिव्ह कचेरी होती आणि शिवराज तिचा एकुलता एक मदतनीस.

मल्हारी घरात भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको दीपाली चहा ठेवून गेली. त्यानं कपाला हात लावला नाही.

"वेरूळकडच्या क्रशरवर गाडी भरली," तो म्हणाला. "घाटाच्या उतारावर आलो तर वळणावर मोतीराम. उन्हात उभा. मला हात केला त्यानं. भरल्या गाडीचा ब्रेक उतारावर कसा मारू? म्हणलं, येईल दुसऱ्या गाडीनं. तसाच पुढं आलो."

"मग?"

"दौलताबादच्या किल्ल्याच्या अरुंद दरवाज्यात उसाची ट्रॉली अडकलेली. मोटारसायकली कडेकडेनं निघून गेल्या, मी लई येळ उभा. साइटवर आलो, खडी टाकली. हौदा वरच होता तवर जेसीबीनं ढीग सारला अन् खालून मोतीराम निघाला." त्याचा आवाज उतरला. "मॅडम, तो पहिल्यापासून माझ्याच हौद्यात मरून पडला होता. मग वळणावर मला हात कोणी केला?"

बाहेर लख्ख दुपार होती, तरी मल्हारीनं खिडकी लावून घेतली होती.

तनुजानं शांतपणे विचारलं, "खडी रोजच्याच जागी टाकली?"

"नाय. सुपरवायझर सत्यमसाहेबानं भिंतीकडं न्यायला लावली. सोताच मागं उभं राहून 'येऊ दे, येऊ दे' करत होते. आरशात ओली पोती पडलेली दिसली. म्हणलो, ती उचला. ते म्हणले, राहू दे, टाक."

तिथून दोघं क्रशरवर गेली. तिथला मुकादम सांडू तोंडाला रुमाल बांधून बोलत होता. काळ्या दगडाची भुकटी त्याच्या पापण्यांवरही बसली होती.

"मोतीराम सकाळीच आलता. गावाकडून परत निघालेला. मालक हायेत का म्हणला, साइटवरच्या सळया चोरीला जातात त्याचं सांगायचंय. क्रशर अन् साइट एकाच मालकाची, पण ते हितं नव्हते. मी सत्यमसाहेबाला फोन लावून इचारलं, मालक तिकडं हायेत का, मोतीराम सळयांचं सांगायला हुडकायलाय. तवर ह्यो चालत घाटाकडं गेला."

"आणि मल्हारीची गाडी?"

"तो गेल्यावर भरली. भरायच्या आधी मीच हौद्यात चढून चिकटलेली माती खरवडली. आत मुंगीबी नव्हती. फौजदार म्हणतो, तू खोटं बोलतोस."

परत येताना तनुजानं दौलताबादला शिवराजला उतरवलं आणि मोतीरामचा फोटो त्याच्या हातात दिला. "त्या सकाळी कोंडीतून कडेनं निघालेल्या मोटारसायकलवाल्यांना शोध."

"मेलेल्या माणसाबद्दल काय विचारू?"

"जिवंत माणसाबद्दल विचार," ती म्हणाली. शिवराजला काही उमगलं नाही.

साइटवर जेसीबी चालवणारा कडुबा तिला भेटला. "सत्यमसाहेब म्हणले होते, ह्यो ढीग आज हलवू नको, उद्या रोलरखाली घेऊ. पण मालक आले अन् वाट मोकळी कर म्हणले. म्हणून सारला. खाली मोतीराम. अंगावर पोती, पाठ लालभडक चिखलानं भरलेली. त्याच्याखाली नुसता ओला मुरूम. सकाळीच पाणी मारलं होतं तिथं."

सुपरवायझर सत्यम इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर बसला होता. "मोतीराम त्या दिवशी साइटवर आलाच नाही," तो म्हणाला. "फाटकावर मीच होतो. आला तो खडीतूनच आला."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत तनुजानं सगळ्यांना त्या भिंतीपाशी बोलावलं. फौजदारही आले. शिवराजसोबत एक अनोळखी माणूस होता.

"आपण सगळे एका भुताला घाबरलो," तनुजा म्हणाली. "मोतीराम गाडीत होता असं धरलं, की वळणावरचा माणूस भूत ठरतो. पण तो गाडीत होता, हे पाहिलं कोणी?"

फौजदारांनी हातातली वही उघडली.

"तो खडीबरोबर पडला असता तर अंगाखाली थोडी तरी खडी सापडली असती. कडुबाला सापडला नुसता ओला मुरूम. क्रशरची भुकटी काळी, कोरडी. पाठीवरचा चिखल लाल, म्हणजे इथला. मोतीराम खडीतून आला नाही. तो आधीच इथं पडलेला होता, ओल्या पोत्यांखाली. खडी त्याच्यावर टाकली गेली."

शिवराजनं ढिगाकडे पाहिलं.

"जागा सत्यमनं बदलली. पोती उचलू दिली नाहीत. ढीग हलवू नको म्हणाला. रोलर फिरला असता तर मोतीराम कायमचा या रस्त्याखाली गेला असता. सांडूच्या फोनमुळे सत्यमला कळलं होतं, की सळया कोण विकतो हे मोतीराम मालकांना सांगणार."

"तो इथं आलाच नव्हता," सत्यम म्हणाला.

शिवराजसोबतचा माणूस पुढे आला. तो मोटारसायकलवरून दूध घालणारा होता. "घाटातल्या वळणावरनं मी आणला त्याला. मल्हारीची गाडी दरवाज्यात अडकली होती, तिच्या कडेनंच आलो. ह्या फाटकात उतरवला. ह्यो साहेबच उभा होता, त्यानंच आत नेला."

सत्यम खुर्चीवर बसायला गेला, पण खुर्ची तिथं नव्हती. तो खाली मातीतच बसला. "ऐकून घ्यायलाच तयार नव्हता," तो पुटपुटला. "एकदाच मारलं."

फौजदार त्याला घेऊन गेले. माणसं पांगली. मल्हारी मात्र जागचा हलला नाही.

"म्हंजे तो जिता होता," तो म्हणाला. "खरंच मला हात करत होता."

शिवराजच्या मनात आलं, भूत असतं तर या माणसाला सोपं गेलं असतं.

बानाबाई मल्हारीजवळ येऊन उभी राहिली.

"भावजी, कसे दिसत होते ते?"

मल्हारीनं घाटाच्या दिशेनं पाहिलं.

"टोपी हातात धरली होती, वहिनी. मला वळखलं त्यानं. हसला."

"हसले?"

"व्हय."

तिनं पदर डोळ्यांना लावला आणि तिथंच, त्याच्या शेजारी, दगडावर बसली.