मागच्याची घंटी

जव्हारच्या एसटी स्टँडमागे मंगळूकाकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सायकलनं नोकरीला जाणारी मास्तर-कारकून मंडळी संध्याकाळी तिथं टेकतात. त्या रात्री वीज गेली होती. त्यांच्यातला रूपेश ऐटीत सांगत होता, सोबतच्या निशाला चढावर टाकून आपण वीस मिनिटं आधी पोचलो म्हणून. निशा सायकलची उतरलेली चेन बसवत होती.

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. "तिनं घंटी मारली व्हती?"

"मारली असंल. ऐकतो कोण!"

"वा रं शर्यतीचा घोडा! मग आता ऐक. आपल्या गोकुळची गोष्ट. खोटी वाटली तर त्याच्या घरी जाऊन विचार."

आणि काका सांगू लागले.

गोकुळ मोखाड्याला कारकून. रोज सायकलनं येणंजाणं, सोबतीला तिथल्याच शाळेतले ढवळू गुरुजी. दोघांचा नेम ठरलेला. मागच्यानं दोनदा घंटी मारली की पुढच्यानं पाय टेकायचे, मग घरी काहीही अडलेलं असो. एका जुलैत परतताना धो धो पावसात घंटी वाजली. गोकुळच्या घरी पाहुणे आलेले. येतील मागनं, म्हणाला आणि निघून आला. गुरुजी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी चढावरच्या वळणाखाली, ओहोळात त्यांचं प्रेत सापडलं.

"मला काही ऐकू आलं नाही," गोकुळनं सगळ्यांना सांगितलं. गुरुजींच्या बायकोला, पुष्पावहिनींनाही तेच. ते खोटं त्याला आतून खात होतं. अन्न गोड लागेना, पण खरं बोलायची छाती होईना.

पुढच्या वर्षी, सतरा मे, शुक्रवार. निवडणुकीच्या कामात उशीर झाला. साडेनऊला एकटाच निघाला. चांदणं पडलेलं, रस्ता मोकळा. पोशेरा गाव मागं पडलं. चढ लागला.

मागं घंटी वाजली. दोनदा.

गोकुळनं वळून पाहिलं. कुणी नाही. भास असेल, म्हणाला आणि जोर लावला. पुन्हा वाजली. दोनदा. आता जवळून. त्यानं देवाचं नाव घेतलं, पण थांबला नाही. हो, तेव्हाही थांबला नाही.

मग पाठीवर हात आला.

दमलेल्या गड्याला चढावर आपण ढकलतो ना, पाठीला पंजा लावून? तसाच. पण गार. सायकल पळू लागली. चढावर! पाय पॅडलवरून सुटले. ब्रेक दाबला. लागेना. समोर तेच वळण... कठडा तुटलेला... खाली ओहोळ.

हात निघेना.

"गुरुजी..."

काही नाही. नुसती चाकं.

"ऐकली होती! त्या दिवशी घंटी ऐकली होती मी, गुरुजी!"

हात निघाला. सायकल आडवी झाली. गोकुळ रस्त्यावर, आणि पुढचं चाक कडेबाहेर मोकळं फिरतंय.

उजाडेपर्यंत तो जागचा हलला नाही. मग घरी न जाता थेट वहिनींच्या दारात गेला. पाय धरून सगळं सांगितलं. वहिनी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग थांबला का नाहीस, भाऊ?"

गोकुळ उठला. तो जायला वळला, आणि वहिनींनी तोंडावर पदर घेतला. त्याच्या सदऱ्यावर, पाठीच्या मधोमध, तांबड्या चिखलाची पाच बोटं उमटली होती. भर मे महिना. सगळा रस्ता धुळीचा.

काका थांबले.

"दोन वर्षं झाली," काका हळूच म्हणाले. "सदरा धुतला. उन्हात घातला. परवा गोकुळनं मला हात लावून बघायला सांगितलं..."

"मग?" रूपेशनं विचारलं.

"अजून ओला हाय चिखल."