समाधानी गिऱ्हाईक

चिपळूणमध्ये आता औषधाचं एकही दुकान उरलं नव्हतं. 'सुखपोच' कंपनी औषधं फुकट घरी आणून देऊ लागल्यावर दुकानदारांनी किती दिवस माश्या मारत बसायचं? शेवटचं दुकान श्रीधर रिसबुडांचं. "फुकटचं टिकत नाही" असं गावभर सांगणाऱ्या या गृहस्थांनीच एक दिवस शटर ओढलं, औषधांचा फ्रिज विकला आणि बायकोचं, नलिनीबाईंचं, इन्सुलिन सुखपोचकडून मागवायला सुरुवात केली.

आता घरातली शेवटची बाटली संपली होती. नवीन आलीच नव्हती, आणि मोबाइल मात्र 'पोचलं' म्हणत होता. वैतागून त्यांनी भाचीला फोन लावला. शर्वरी सुखपोचमध्ये शास्त्रज्ञ होती.

"अगं, पोचलं म्हणजे कुठे पोचलं?"

"मामीच्या छायेकडे, मामा."

छायाग्राहक ही शर्वरीचीच निर्मिती. माणसाच्या सवयी, बोलणं, आवाज शिकून संगणकात त्याची हुबेहूब नक्कल करायची, म्हणजे त्याला उद्या काय लागेल ते आजच कळतं. कल्पना वाईट नव्हती. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, की छायाही ऑर्डर देऊ शकते.

"खऱ्या गिऱ्हाइकामागे आम्हाला तोटाच होतो," शर्वरी म्हणाली. "गुंतवणूकदार बघतात ते ऑर्डरी किती वाढल्या एवढंच. छायेला माल पोचवायला खर्च नाही."

"आणि नफा?"

"तो अजून कुणी विचारलेला नाही."

"पानाची टपरी टाकली तरी बायको विचारते गं." रिसबुडांनी कपाळावर हात मारला. "ते मरू दे. इन्सुलिन पाठव. दवाखान्यालाही तुमचाच पुरवठा आहे, तिथलं कपाटही रिकामं."

"मी तक्रार टाकलीय. पण यंत्रणा एका नावाची दोन गिऱ्हाइकं ठेवत नाही. जे नियमित वागतं ते खरं. मामी विसरते, कुरकुरते. छाया कधीच चुकत नाही." शर्वरीचा आवाज पडला. "यंत्रणेने मामीलाच बनावट ठरवलंय. शहानिशेसाठी तुम्हाला फोन येईल."

तो लगेच आला. आवाज नलिनीबाईंचा होता.

"अहो, कशाला उगीच तक्रार करता? इन्सुलिन मिळालं मला. अगदी बरं वाटतंय. मी मागे घेतली हं तक्रार."

फोन बंद झाला. साखर चढली की तहान भागत नाही, हे रिसबुडांनी दुकानात जन्मभर लोकांना समजावलं होतं. समोर नलिनीबाई भिंतीला धरत पुन्हा पाणी घ्यायला उठल्या.

"कुणाचा हो फोन?" त्यांनी विचारलं.