खोकल्याचं बटण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर हसू येणार नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. आणि मावशीला थापा मारता येत नाहीत. ती संसदेत दुभाषी आहे, दुसऱ्यांचंच बोलणं बोलून पोट भरते. घरी आम्ही तिला पोपटमावशी म्हणतो.

सभागृहाच्या वर काचेची एक छोटी खोली आहे. मावशी तिथे हेडफोन लावून बसते. खाली सदस्य एका भाषेत बोलतो आणि ती त्याच क्षणी दुसऱ्या भाषेत. विचार करायला वेळच नाही. कानात शिरलं की तोंडातून बाहेर!

तिच्यासमोर एक बटण असतं. खोकला आला की ते दाबून धरायचं, म्हणजे माईक तेवढ्यापुरता बंद.

खोकल्याचं बटण.

त्या दिवशी संसदेच्या मुदतीचा शेवटचा दिवस होता. लख्ख दुपार. निम्मे सदस्य कधीच पसार झालेले, उरलेले एकमेकांचे फोटो काढण्यात दंग. विधेयकं मात्र धडाधड उरकली जात होती. दुधातल्या भेसळीचं झालं. भाडेकरूंचं झालं.

राहिलं बोगद्याचं.

डोंगरातला एक बोगदा काम चालू असतानाच कोसळला होता. आतले कामगार सापडलेच नाहीत. शोध कायमचा थांबवा आणि बोगद्याचं तोंड काँक्रीटने बुजवून टाका, असं ते विधेयक होतं.

आधी प्रत्येक वेळी त्याला एकच माणूस आडवा आला. सभागृहातले सगळ्यात म्हातारे सदस्य. सगळे त्यांना काका म्हणायचे. बोलायच्या आधी ते हमखास खोकायचे. दोनदा छोटं, मग एकदा लांब. मावशी म्हणायची, "माझं बटण खरं तर काकांनाच द्यायला हवं!"

हिवाळ्यात काका वारले. निवडणूक तोंडावर आलेली, म्हणून त्यांची जागा रिकामीच ठेवली.

आता नीट ऐका. त्या दुपारी कुणी एकाने जरी हरकत घेतली असती, तर डोकी मोजावी लागली असती. आणि विधेयक मंजूर करायला लागतात तेवढी डोकीच नव्हती. मुदत संपली की अर्धवट विधेयक आपोआप बाद.

फक्त एक 'नाही' हवं होतं.

अध्यक्षांनी विचारलं, "बाजूने?"

"होय!" सगळे एका सुरात.

"विरोधात?"

खाली पुन्हा फोटो सुरू.

आणि मावशीच्या कानात कुणीतरी खोकलं.

दोनदा छोटं...

मग एकदा लांब...

काका तर हिवाळ्यातच गेलेले. पण सवय ती सवय! खोकल्यामागोमाग शब्द आले आणि तोंड आपोआप उघडलं.

"अध्यक्ष महोदय, त्या बोगद्यात अजूनही..."

खाली ज्यांनी ज्यांनी हेडफोन लावले होते, त्या सगळ्यांनी माना वर करून काचेकडे पाहिलं.

शेजारी बसलेली दुसरी दुभाषी तिचा दंड धरून कुजबुजली, "अगं, काय बरळतेयस? खाली कुणीच बोलत नाहीये!"

मावशीने खाली पाहिलं. काकांची खुर्ची रिकामी होती.

तिने बटण दाबलं. अंगठ्याने. गच्च.

वाटलं, आता आवाज बंद होईल. पण त्या बटणाने फक्त तिचा माईक बंद होतो. कानातलं नाही.

कानात श्वास चालू होता...

तो बोलत नव्हता. ती अंगठा कधी उचलते, याची वाट बघत होता.

"मंजूर," अध्यक्ष म्हणाले. टाळ्या. संसदेची मुदत संपली.

तेव्हा कुठे मावशीने अंगठा उचलला. श्वास थांबला होता. त्याच्या मागे, खूप आतून, दगडावर दगड आपटल्यासारखं...

ठक...

ठक... ठक...

ती धावत खाली गेली. वायरमन तारा गुंडाळत होता. "काकांच्या जागेचा माईक?" तो म्हणाला. "तो केव्हाच काढला की हो, मॅडम. हे बघा, नुसतं भोक राहिलंय."

पुढच्याच आठवड्यात बोगदा बुजवला. बातम्यांत दाखवलं.

आता नवी संसद आहे, नवे सदस्य आहेत. मावशी कामावर जाते. त्या दिवसाबद्दल तिने एकदाच सांगितलं; आता विचारलं की विषय बदलते.

पण काल रात्री आमच्याकडे जेवताना तिला खोकला आला. दोनदा छोटा. मग लांब.

"त्या बोगद्यात अजूनही..." ती म्हणाली, आणि तोंड घट्ट मिटलं. हातातला घास तसाच. दुसऱ्या हाताचा अंगठा टेबलावर दाबून धरलेला. तिथे बटण नव्हतंच.

आई म्हणाली, "पाणी पी गं."

मी हळूच म्हटलं, "मावशी, उचल ना अंगठा. बोलू दे त्यांना."

तिने मान हलवली. डोळ्यांत पाणी.

"बुजवलं ना आता सगळं. आता ऐकून काय करू?"

जेवणं झाली, ताटं उचलली, तरी ती तशीच बसून होती. अंगठा पांढराफटक पडलेला.

मला ते वाक्य पुरं ऐकायचंय...

आणि अजिबात ऐकायचं नाहीये.